सहल हतनूरला न्यायची की गावच्या गिरणेत? नदी शिकवायची कशी, बोला

वाळूचा मास्तर (भडगाव तालुका)

रामराम मंडळी. शिक्षकांच्या खोलीत झालेलं भांडण इथं आणतोय, कारण तिथं ते मिटलं नाही.

सातवीची 'पर्यावरण सहल' ठरली. हतनूर धरण, पक्षी बघायचे, येताना चांगदेवचं देऊळ. एक बस, डोई साडेसहाशे रुपये. मी म्हटलं, रद्द करा. शाळेपासून गिरणा नदी चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथं वर्षातून चार वेळा जाऊ, एकाच जागी. पोळ्यानंतर पाणी वाहतं तेव्हा, दिवाळीनंतर, संक्रांतीच्या सुमाराला आणि एप्रिलात पात्र तापतं तेव्हा. नदी बदलते कशी हे एका दिवसात दिसत नाही. आणि साडेसहाशे न भरू शकलेली अकरा पोरं वर्गात फळा पुसत बसणार, ती पण येतील.

मागच्या जानेवारीत बावीस पोरं नेली होती. एका मुलीनं वाटीनं वाळू उकरायला सुरुवात केली. कोपरभर खोल गेल्यावर वाळू काळपट झाली, मग कडेनं पाणी झिरपायला लागलं. आधी गढूळ, दोन वाट्या उपसून फेकल्यावर निवळशंख. आमच्या आज्या असेच झिरे करून हंडे भरायच्या. तिथून दोनशे पावलांवर ट्रॅक्टरनी वाळू नेलेली जागा आहे. तिथं उकरलं तर खाली पिवळा मुरूम, कोरडा ठक्क. पोरगी म्हणाली, "सर, मग पाणी नदीत राहतं का वाळूत राहतं?"

हा प्रश्न हतनूरला पडला असता का, सांगा.

पाणकावळा (भुसावळ)

सर, झिऱ्याला सलाम. पण तुम्ही हतनूरवर अन्याय करताय. मी पंधरा वर्षं हिवाळ्यात तिथं जातो, म्हणून लिहितो.

लोकांना हतनूर म्हणजे ४१ दरवाजे आणि पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारा फेस, एवढंच माहीत. तापी आणि पूर्णा जिथं मिळतात तिथलं ते पाणी आहे. पूर्णा विदर्भातली काळी माती घेऊन येते. पाणी अडलं की वेग मरतो, माती खाली बसते. धरणाच्या दृष्टीनं हा गाळ म्हणजे दुखणं, साठा घटतो. पण त्याच गाळामुळे कडेला गुडघाभर पाण्याचे, चिखलाचे लांबलचक पट्टे तयार झाले. चिखलात किडे, गोगलगायी, पाणवनस्पती. म्हणून पक्षी. चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो आणि बोदवड-मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याशेजारी उतरतो. थापट्या बदक फावड्यासारखी चोच पाण्यात धरून गाळत गाळत चालतं. शेकाट्याच्या लाल काड्यांसारख्या पायांवरून मुलं पाण्याची खोली सांगायला शिकतात. तो उभा आहे म्हणजे वीतभर, बदक पोहतंय म्हणजे जास्त.

गेल्या डिसेंबरात एका मुलाला दुर्बिणीतून चक्रवाकांची जोडी दाखवली. पोरगं पाच मिनिटं डोळा काढेना, मागं रांग. शेवटी म्हणालं, "काका, हा पासपोर्ट न काढता येतो?" हे कोरड्या वाळूत होत नाही. आधी पोराला वेड लागू द्या, झिरा मग उकरेल. आणि स्पष्टच बोलायचं तर गिरणेत दाखवायला उरलंय काय? जेसीबी?

वाळूचा मास्तर

जेसीबी पण दाखवीन. तोही आता नदीतला प्राणीच झालाय.

गाळाचं मात्र पटलं. पण हे तुम्ही आहात म्हणून सांगितलंत. आमच्या सहलीत सांगणार कोण? ड्रायव्हर? मागं एका शाळेची बस गेली होती. पोरं दोन तास धरणाच्या भिंतीजवळ सेल्फी काढून, वेफर्स खाऊन परत. पक्षी पलीकडे, धरणामागं साठलेल्या फुगवट्याच्या पाण्यावर होते, भिंतीजवळ नाही, एवढंसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

दोन पोरांची आई (जळगाव)

तुम्ही दोघं पक्षी आणि वाळूवर भांडताय. मी पाण्यावर बोलते.

जानेवारी २०२४. वडोद्याचं हरणी तलाव. शाळेची सहल, बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, सगळ्यांना लाइफ जॅकेट नाहीत. त्याआधी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं. त्यानंतर नियम निघाले, आणि नियम पाळल्याचे कागदही निघाले.

माझ्या मुलीच्या शाळेनं दोन वर्षांपूर्वी एका तलावावर सहल नेली. नव्वद मुलं, चार शिक्षक, त्यातले दोन जेवणाच्या डब्यांपाशी. मुलगी घरी येऊन म्हणते, मम्मी, माझी चप्पल पाण्यात गेली होती, मी आणली. मी विचारलं कितीशा पाण्यातून? तिनं कंबरेवर हात ठेवला. शाळेत विचारायला गेले तर सहीचा कागद पुढे केला. 'सर्व जबाबदारी पालकांची राहील.'

आणि मास्तर, तुमची गिरणा तर हतनूरपेक्षा धोक्याची. वाळू काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत, पाणी आलं की सगळं सपाट दिसतं. दरवर्षी पेपरात वाचतोच. वर धरणातून आवर्तन सोडलं की कोरड्या पात्रात पाणी येतं. तुमची पोरं वाटीनं वाळू उकरत असताना आलं तर?

नदी शिकवायला वर्गात व्हिडिओ आहेत की चांगले.

खडू-फळा (पाचोरा)

ताईंच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणानं. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत. वाचायला गोड. प्रत्यक्षात संमतीपत्रं, वरची परवानगी, बसचे कागद, प्रथमोपचार पेटी, सोबत शिक्षिका, मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय आणि परत आल्यावर अहवाल, फोटोसकट. एसटीची सहलीची सवलत आहे म्हणून निदान भाडं परवडतं. एका सहलीत माझे आठ दिवस जातात. मास्तर म्हणतात चार वेळा जा! निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार यातून उरलेल्या वेळात का?

अहिराणी गडी (धुळे)

पोरेसले नदी दखाडाले बस कसाले लागस भो? आमना बाप तर आम्हले नदीमाच टाकी दे.

दोन पोरांची आई

@अहिराणी गडी, हो, आणि जे वर आले ते आज इथं विनोद लिहितात. जे आले नाहीत ते लिहीत नाहीत.

पाटाच्या कडेचा (साक्री)

वरच्या उत्तरानंतर बोलायला जड जातंय, पण बोलतो.

माझं म्हणणं, तुम्ही सगळे नदीकडे 'बघायला' निघालात. पक्षी बघा, वाळू बघा, व्हिडिओ बघा. खान्देशात नदी वापरली कशी, हे कुणी दाखवतंय का? पांझरा नदीवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीला जागोजागी छोटे बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. यंदा या फडात ऊस असला तर पुढच्या वेळी दुसऱ्या फडात. पाणी कुणाच्या शेतात कधी जाईल हे मालक ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. पिकाची राखण जागल्या करतो. जास्तीचं पाणी सांडव्यावरून परत नदीत. मोटार नाही, वीज नाही, नुसता उतार.

माझे आजोबा पाटकरी होते. त्यांच्या हातात एक लांब दांड्याचं फावडं असायचं, पातं झिजून अर्धं राहिलेलं. बारं फिरवायचं म्हणजे काय, तर त्या फावड्यानं एका ठिकाणचा चिखल काढायचा आणि दुसऱ्या ठिकाणी थापायचा. चार थाप. एवढ्यावर अख्ख्या फडाचं पाणी वळायचं आणि कुणी ब्र काढायचं नाही. आता बरेच फड मोडले. वर धरणं झाली, लाटीपाडा, अक्कलपाडा, ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार. तरी काही ठिकाणी बंधारे आणि पाट उभे आहेत. पाटातलं पाणी पिंडरीएवढं. ताई, तिथं तुमची मुलगी बुडणार नाही. आणि पाटाच्या कडेच्या ओलाव्यावर ढोकरी, खंड्या, धोबी असे सगळे पक्षी मिळतात, पाणकावळेसाहेब.

पाणकावळा

मान्य. धोबी मिळेल. चक्रवाक नाही मिळणार, पण फावड्याची गोष्ट मीच ऐकायला येईन.

बांधावरचा वकील (चोपडा)

एक मुद्दा कुणी काढला नाही. मुलांना 'पाणथळ' शिकवायची म्हणता, तर कायदा काय म्हणतो तेही सांगा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत नदीचं पात्र धरलेलं नाही. सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही धरलेले नाहीत. म्हणजे मास्तरांची गिरणा पाणथळ नाही, पाणकावळ्यांचं हतनूरही नाही आणि साक्रीकरांचा पाट तर नाहीच. चक्रवाकाला हे अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

उलट पाणथळ जागांच्या ज्या आंतरराष्ट्रीय रामसर करारामुळे दोन फेब्रुवारीला शाळाशाळांत पाणथळ दिनाची रांगोळी काढतात, त्या १९७१ च्या करारात नदीही येते आणि माणसानं केलेलं तळंही येतं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर, तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच झालेलं. मग नववी-दहावीच्या मुलांना विचारा, यातलं बरोबर कुठलं? माझ्या मते ही खरी सहल. बसभाडं शून्य.

खडू-फळा

वकीलसाहेब, सातवीतली पोरं आहेत. त्यांना अजून 'पाणथळ' शब्द लिहिता येत नाही, अर्धे 'पानथळ' लिहितात.

सातपुड्यातला (धडगाव)

आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडची काही मुलं नर्मदेच्या काठची, सरदार सरोवराच्या फुगवट्यातली. घरी जायचं तर बोट. त्यांना नदीची सहल म्हटलं तर हसतात. मागं मी जलचक्राचा तक्ता लावून शिकवत होतो. एका पोराला विचारलं, नदी कुठून येते? म्हणाला, "सर, आमच्याकडे नदी येत नाही, चढते." धरण भरलं की पाणी घराकडे चढत येतं, हे त्याचं जलचक्र. तक्ता मी तसाच ठेवला, पण त्या दिवसापासून नदीचा धडा तोच घेतो, मी मागच्या बाकावर.

तुमच्या गावांतही भोयांची पोरं असतील वर्गात. त्यांना कुणी विचारलंय का?

वाळूचा मास्तर

सातपुड्यातले सर, चपराक बसली. माझ्या वर्गात तीन आहेत भोयांची. त्यातला एक वर्गात तोंड उघडत नाही. जानेवारीत डोहाच्या कडेला पांढऱ्या ताटलीत चिखल घेऊन बसलो होतो, तर चतुर किड्याचं पिल्लू त्यानंच ओळखलं. चतुर उडायच्या आधी पाण्यात वाढतो हे मला पुस्तकातून माहीत. त्याला माहीत, कारण मासे धरताना तो गळाला लावतो. मग गावचा नाला जिथं गिरणेला मिळतो तिथला चिखल घेतला. त्यात नुसते दोऱ्यासारखे लाल किडे, दुसरं काही नाही. पाण्यात हवा कमी असली तरी ते जगतात, रक्तातल्या लाल द्रव्यामुळे. ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. मला 'प्रदूषण' हा शब्द फळ्यावर लिहावा लागला नाही.

आता ताई, तुमचं. इतकं सगळं लिहून झालं तरी तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, ते टाळणं होतं. मागच्या जानेवारीत मी आवर्तनाची चौकशी न करताच गेलो होतो. पाणी आलं नाही, एवढंच. यंदा ठरवलंय ते असं. जायच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी पाटबंधारेवाल्यांना फोन. आवर्तन सुटलं असेल तर जाणं नाही. खड्ड्यांची बाजू बंद, गावातले एक भोईकाका आधी काठीनं चाचपून जागा देतील आणि पोरं आत असेपर्यंत तिथंच थांबतील. दहा पोरांमागे एक मोठं माणूस. घोट्याच्या वर पाणी असेल तिथं कुणीही नाही, मीसुद्धा नाही.

खडू-फळा सर, चार नाही, दोन वेळा. तुमचं आठ दिवसांचं गणित खरं आहे. हतनूरची बस मुख्याध्यापकांनी रद्द केलेली नाही, ती जाणारच. पण त्या अकरा पोरांचे पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणीनं भरायचे असं काल कबूल करून घेतलं.

दोन पोरांची आई

दहामागे एक हे कागदावर की खरं? माझी मुलगी तुमच्या शाळेत नाही, म्हणून सही मागू नका. पण माझं माहेर भडगावचं, भाचा तुमच्याच सातवीत आहे. त्याच्यासोबत मी येते, मोठ्या माणसात धरा. पटलं नाही तर तिथूनच पोराला घेऊन जाईन, वाईट वाटून घेऊ नका. आणि त्या 'सर्व जबाबदारी पालकांची' कागदावर माझी वहिनी सही करणार नाही, तिला मी सांगितलंय.

वाळूचा मास्तर

तो कागद मी देणारच नाही. या.

पाणकावळा

हतनूरच्या दिवशी मी फुगवट्याकडे थांबतो, चांगदेवच्या बाजूला. बस धरणाच्या भिंतीकडे नेऊ नका. आणि सकाळी सातच्या आत पोचा, ऊन चढलं की पाण्यावर चकाकी येते, काही दिसत नाही.

वाळूचा मास्तर

सातला भुसावळपलीकडे पोचायचं म्हणजे इथून पहाटे चारला निघायचं. सातवीची पोरं चारला उठतील, त्यांच्या आया डबे करायला तीनला उठतील. नऊ चालेल का?

पाणकावळा

आठ. आणि वेफर्स नकोत, पाकिटाच्या आवाजानं शेकाटे उडतात. दशम्या आणा, मलाही दोन.