मदत हवी आहे : नीटच्या तयारीने खचलेल्या मुलीसाठी समुपदेशक

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून नीटची तयारी करीत आहे. दर रविवारी क्लासमध्ये सराव परीक्षा असते आणि त्या दिवशी सकाळी तिच्या पोटात हमखास दुखू लागते. डॉक्टरांनी तपासण्या करून शारीरिक दोष नसल्याचे सांगितले आहे. १८० प्रश्न, ७२० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, या हिशेबामुळे येत असलेले उत्तरही ती लिहायला कचरते. जीवशास्त्र हा तिचा एकेकाळचा अत्यंत आवडता विषय, पण आता तिने झाडापानांची चित्रे काढणेही सोडले आहे, आणि याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते.

क्लासमध्ये गुणांनुसार तुकडी बदलतात. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या निकालात गुणवत्तेवरून अशी विभागणी टाळण्यास सांगितले आहे. हा मुद्दा मुलीला त्रास न होता क्लासपुढे कोणी मांडला आहे का?

शासनाच्या टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकाची माहिती आहे. परंतु समोरासमोर बसून बोलणारे, किशोरवयीन मुलांचा अनुभव असलेले समुपदेशक नौपाडा, पाचपाखाडी किंवा कोपरी परिसरात सायंकाळी सातनंतर भेटत असल्यास कृपया कळवावे. सराव परीक्षा काही आठवडे थांबवून ज्यांच्या मुलांना बरे वाटले, अशा पालकांचा अनुभवही वाचायला हवा आहे.