'सांत्वन'च्या विरुद्ध नेमकं काय?

शाईचा डाग
लेकीच्या मराठीच्या चाचणीत विरुद्धार्थी शब्दांमध्ये 'सांत्वन' आला होता. तिनं लिहिलं 'चिथावणी'. बाईंनी लाल फुली मारली आणि बरोबर उत्तर काही लिहून दिलं नाही. मला विचाराल तर पोरीचं बरोबर आहे. सांत्वन करताना आपण समोरच्याच्या मनातली खळबळ खाली बसवतो, चिथावताना ती वर काढतो. 'सांत्वन'ला अ- किंवा वि- लावून भागत नाही, तेव्हा अर्थाकडेच बघावं लागणार. चिथावणे, भडकवणे, डिवचणे, उचकवणे, यातलं काहीही मी चालवून घेतलं असतं. बाईंची बाजू कुणाला दिसतेय का?

तिरकस
मला दिसतेय. रागावलेल्याचं कधी सांत्वन केलंय? त्याची समजूत काढतात, त्याला शांत करतात. सांत्वन दुःखी माणसाचं. चिथावणी 'शांत करणे'च्या विरुद्ध जाईल, सांत्वनाच्या नाही. मुलीनं एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला दिलंय.

शिवाय चिथावणीला तीन माणसं लागतात: चिथावणारा, चिथावला जाणारा आणि ज्याच्यावर तो उलटणार तो. मंथरेनं कान भरले कैकेयीचे, वनवास भोगला रामानं. कळ लावणे, फूस लावणे, काड्या घालणे, ही सगळी तिघांची कामं. डिवचण्यात दोघंच असतात. काठीनं साप डिवचला की तो काठीवाल्याच्याच अंगावर येतो. सांत्वनात तिसरा कुठून आणणार?

शाईचा डाग
"त्याला चिथावू नकोस, आधीच तापलाय." या वाक्यात तिसरा दाखवा.

तिरकस
तो ज्याच्यावर तापलाय तो! वाक्यात नाही, पण बोलणाऱ्याच्या डोक्यात आहे. तिसरा नसता तर तुम्ही "त्याला डिवचू नकोस" म्हणाला असता.

काना-मात्रा
तुम्ही दोघं एकेका शब्दाला धरून बसलात, मला त्यांची घराणी दिसतायत. देवापुढचा दिवा 'विझवला' म्हणायचं नाही, 'शांत केला' म्हणायचं, हे लहानपणी कानावर पडलेलं. म्हणजे 'शांत'च्या पलीकडे विस्तव आहे. म्हणून पेटवणे, भडकवणे, चेतवणे, आगीत तेल ओतणे. दुसरं घराणं टोकदार: टोचणे, डिवचणे, बोचरं बोलणं, पिन मारणे, दुखऱ्या जागी बोट ठेवणे, खपली काढणे. यातलं काहीच जाळत नाही, रुततं. सांत्वनासमोर हे दुसरं घराणं उभं करावं, कारण सांत्वन जखमेचं असतं.

आता गंमत बघा. 'फुंकर घालणे' दोन्हीकडे चालतं. जखमेवर घातली तर गार वाटतं, निखाऱ्यावर घातली तर फुलतो. तीच हवा, तेच ओठ. विरुद्धार्थी शब्द शोधणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगा.

(अवांतर: समजूत 'काढणे' आणि कुरापत 'काढणे', समजूत 'घालणे' आणि काडी 'घालणे', धीर 'देणे' आणि डागण्या 'देणे'. आपली क्रियापदं दोन्ही पक्षांना सारखीच विकली गेलीत.)

जुनी वही
फुंकरीवरून आठवलं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एक बाई आईशेजारी येऊन बसल्या. आईच्या पाठीवरून हात फिरवत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आदल्या रात्रीच नेलं असतं ना, तर आज इथे बसलेले असते." हात फिरतच होता. आईनं फक्त पदर घट्ट धरला. ती रागावली नाही की रडली नाही. पुढे किती तरी वर्षं तिनं "मी रात्रीच नेलं असतं तर" हे वाक्य मधूनच म्हटलेलं मी ऐकलंय.

इथे भडकवणं नाही, डिवचणं नाही, टोमणासुद्धा नाही. याला आमच्याकडे डागणी म्हणतात. तापलेली सळई टेकवून उचलतात, मागे खूण राहते. सांत्वनाच्या अगदी समोर मला हेच दिसतं. 'जखमेवर मीठ चोळणे' त्या मानानं फारच दणदणीत आहे, त्यात चोळणाऱ्याचा हात तरी दिसतो.

तिरकस
वाईट वाटलं वाचून. पण त्या बाईंना आपण सांत्वनच करतोय असं वाटत असणार. मग ते फसलेलं सांत्वन झालं, विरुद्ध शब्द कसा? विरुद्ध म्हणायला हेतूही उलटा हवा.

जुनी वही
हेतूचं मोजमाप बोलणाऱ्यानं करायचं की ऐकणाऱ्यानं, यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. ज्याला डाग बसला त्याला ते विचारू नये, एवढंच.

रिकामटेकडा
हेतू हवा असेल तर महाभारतातला शल्य घ्या. नकुल-सहदेवांचा मामा, पण दुर्योधनानं पाहुणचाराच्या डावात अडकवून आपल्या बाजूला ओढलेला. युधिष्ठिरानं त्याच्याकडून वचन घेतलं की तू कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचा तेजोवध कर. ऐन युद्धात, लगाम हातात असताना, शल्य कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो: उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसांशी पैज लावून समुद्रावर उडतो आणि पंख गळून पाण्यात पडायला येतो. धीर देण्याच्या जागी बसून धीर काढून घेणं. 'तेजोवध' हा तिथला शब्द आजही आपण रोज वापरतो, आणि चिथावणीशी त्याचा काही संबंध नाही. चिथावलेला माणूस उठतो, तेजोवध झालेला बसतो.

शाईचा डाग
हे पटलं थोडं. पण सहावीतल्या मुलीनं 'तेजोवध' लिहायचा?

रिकामटेकडा
मग 'खच्चीकरण' लिहू दे. वर्तमानपत्रवाले उठता-बसता लिहितात. फक्त बैल खच्ची करणे म्हणजे काय ते तिनं विचारलं, तर मला बोलवू नका.

उंबरठा
सगळ्यांनी गृहीतच धरलंय की डिवचणं हे सांत्वनाच्या विरुद्ध. त्याच महाभारतात, उद्योगपर्वात, विदुलेची कथा आहे. सिंधुराजाकडून हरलेला तिचा मुलगा संजय अंग टाकून पडलाय, आणि ही आई त्याला कुशीत घेत नाही. हिणवते. कुणाच्या पोटचा तू, असं विचारते. शेवटी तो उठतो. कुंती हीच गोष्ट कृष्णामार्फत आपल्या मुलांना सांगून पाठवते. कृष्णानंही रथात मटकन बसलेल्या अर्जुनाला आधी 'क्लैब्य', म्हणजे नामर्दपणा, हा शब्द सुनावला, समजावणं नंतर आलं. काही माणसांचं दुःख गोंजारलं की वाढतं, त्यांना चेव आणावा लागतो.

जुनी वही
विदुला आई होती. शेजारीण असती तर? आणि संजय उठला म्हणून कथा झाली. जे उठले नाहीत त्यांची कोण सांगणार?

उंबरठा
शेजारणीचा मुद्दा मान्य, तिला तो अधिकार नाही. पण म्हणजे शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या नात्यावर ठरला ना? मग चाचणीत त्याला एकच जोडी कशी लावणार?

तिरकस
नात्याचं म्हणाल तर 'चिडवणे'ही आलं. भाऊ चिडवतो, ते लाडाचं. तेच परक्यानं केलं तर खिजवणं, आणि चारचौघांत केलं तर हिणवणं. माझं बाईंच्या फुलीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

शाईचा डाग
लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिचं म्हणणं, 'चिथावणी' लिहिताना तिच्या डोक्यात मागच्या बाकावरची मुलगी होती. ही रडत असली की ती मुलगी येऊन सांगते, "ती तुझ्याबद्दल काय म्हणाली माहितीये?" तिरकस, घ्या तुमचा तिसरा माणूस. आणि रडणंही आहे. फुली उद्या बाईंना दाखवायला घेऊन जातेय ती.