माउंट फसले तरी फाइल सिस्टिमच्या चाचण्या उत्तीर्ण दिसतात. संच आधीच कसा थांबवावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
आमच्या गावी दिवसा विजेचा भरवसा नसल्यामुळे मी चाचण्यांचा संच रात्री लावून ठेवतो. 200 एमबीच्या फाइलवर एक्सएफएस (फाइल सिस्टिमचा एक प्रकार) तयार करायची, लूप डिव्हाइसमार्फत (म्हणजे फाइलच डिस्कसारखी वापरून) ती माउंट करायची, म्हणजे एका डिरेक्टरीशी जोडायची, आणि मग तीत फाइली लिहून-पुसून पाहायच्या, असा माझ्या बॅश स्क्रिप्टचा क्रम आहे. एक्सएफएसप्रॉग्स (एक्सएफएसच्या साधनांचा संच) अद्ययावत केल्यापासून एमकेएफएस (फाइल सिस्टिम तयार करणारी कमांड) अयशस्वी होत असल्याचे लॉगमध्ये दिसते, तरीही सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. मग त्या चालल्या तरी कशावर?

उत्तर (वरूड):
तुमच्या मूळ डिस्कवर. माउंट झाले नाही तरी माउंट पॉइंटची डिरेक्टरी (जिच्याशी फाइल सिस्टिम जोडायची ती) जागेवर असतेच, आणि तीत लिहिलेले सारे त्या डिरेक्टरीच्या मूळ फाइल सिस्टिमवर जाते. ती एक्सट४ (लिनक्सची दुसरी फाइल सिस्टिम) असेल, तर रात्रभर एक्सट४ तपासली गेली. एक्सएफएसप्रॉग्स 5.19 पासून 300 एमबीपेक्षा लहान एक्सएफएस तयार करण्यास नकार मिळतो, म्हणून फाइल 1 जीबीची करावी. परंतु तेवढ्याने हा दोष जाणार नाही. माउंटनंतर, पहिली फाइल लिहिण्यापूर्वी, फाइंडएमएनटीने (कुठे काय माउंट आहे ते दाखवणारी कमांड) डिव्हाइस आणि फाइल सिस्टिमचा प्रकार दोन्ही पडताळावेत आणि जुळले नाहीत तर तिथेच बाहेर पडावे.

प्रश्नकर्ता:
स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट -ई' (कमांड अयशस्वी झाल्यास स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) आहे. तरी ती का थांबली नाही? एमकेएफएसचे आउटपुट मी पाइपने 'टी'कडे (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहिणारी कमांड) पाठवतो.

उत्तर (वणी):
कारण तेच आहे. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो आणि 'टी' तर यशस्वीच झाली. 'सेट -ओ पाइपफेल' जोडावे, म्हणजे पाइपमधील कोणतीही कमांड फसली तरी निकाल अपयशाचा येतो. 'इफ'च्या अटीत किंवा '||'च्या डावीकडे चालणाऱ्या कमांडसाठी 'सेट -ई' लागूच होत नाही, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. आणखी एक उपाय म्हणजे, माउंट नसताना माउंट पॉइंटच्या रिकाम्या डिरेक्टरीला 'चॅटर +आय' लावून ती न बदलता येणारी करावी, म्हणजे माउंट फसल्यास रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) तीत फाइल तयार करता येत नाही.

उत्तर (पुसद):
माउंट झाले नाही तर चाचणी 'वगळली' अशी नोंदवली तर चालणार नाही का? लाल खुणा पाहून सहकारी घाबरतात.

उत्तर (वणी):
नाही. एफएसटेस्ट्समध्ये (लिनक्स फाइल सिस्टिमच्या चाचण्यांचा प्रचलित संच) '_नॉटरन' (वगळली) आणि '_फेल' (अयशस्वी) वेगळे आहेत ते याचसाठी: आवश्यक सुविधा त्या यंत्रणेत नसेल तर वगळणे योग्य, पण जी तयारी व्हायलाच हवी होती ती बिघडली तर ते अपयशच. वगळलेल्यांची यादी सकाळी कोण वाचतो?