दोन मिलिमीटरपेक्षा काच आणि काटा बघा

भाऊ, तुम्ही म्हणता जुन्या घड्याळाची नवी आवृत्ती काढताना आकार वाढवला की ती फसलीच. मला नाही पटत. सेको या जपानी कंपनीचं १९६५चं पहिलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, ६२मास, साधारण ३८ मिमीचं. २०१७ची आवृत्ती ३९.९ची. एवढा फरक मनगटाला कळतही नाही.

कळतो तो सेकंदकाटा. जुनं मशीन तासाला १८,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच टिचक्या. नव्यात २८,८००, म्हणजे आठ. काटा फारच गुळगुळीत सरकतो, जुनी चाल गेली. आणि काच! मूळ ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची; ओरखडा पडला तर टूथपेस्ट लावून घासा, निघतो. आता फुगीर सफायर, म्हणजे सहसा ओरखडा न पडणारी कडक काच. कापसाच्या गाड्या भरताना तीच बरी, पण कडेला प्रकाश वाकतो तो जुना मऊपणा तिच्यात नाही.

पाण्यात किती खोल चालेल, त्याचे १५० मीटरचे २०० केले म्हणता? आमच्या दारव्ह्याकडं पोहायचं ते विहिरीत, तीही मे महिन्यात तळाला गेलेली!

मला खरा राग येतो तो काही नव्या आवृत्त्यांच्या तबकडीवरच्या, अंधारात चमकणाऱ्या, पण जुने दिसावेत म्हणून मुद्दाम पिवळट केलेल्या ठिपक्यांचा. साठच्या दशकातल्या कित्येक स्विस डायव्हरांच्या ठिपक्यांवर ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा चमकणारा रंग होता, तो वयानं पिवळा पडला. कारखान्यातून निघाला तेव्हा तसा नव्हता. मग नक्कल नेमकी कोणत्या वर्षाची करताय?