शब्दचर्चा: नियम 'रद्द' की 'मागे'?

रत्नांग्रीकर: काल भाषांतर करताना अडलो. अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, विमानांच्या एका तपासणीचा प्रस्तावित नियम विथड्रॉ केला, अशी बातमी होती. मी बिनधास्त 'तपासणीचा नियम रद्द' ठोकून दिलं. मावसभाऊ गोव्यात विमानांच्या मेन्टेनन्सला आहे, तो म्हणाला अरे नियम झालाच कुठे होता रद्द व्हायला! आधी मसुदा काढतात, हरकती मागवतात, बहुतेक वेळा ४५ दिवस देतात, मग एकतर नियम होतो नाहीतर बारगळतो, आणि मागे घेतला तरी पुढे परत आणायला मोकळे. तर नेमका शब्द कुठला?

गुहागरची सून: 'मागे घेतला', अजून काय. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला छाननीत अर्ज बाद करतो तो अधिकारी, मागे घेतो तो उमेदवार स्वतः. आमच्या मामंजींचा घरपट्टी थकल्यामुळे बाद झाला होता, गावात अजून सांगतात 'मी माघार घेतली' 😀

जुना मास्तर: 'प्रत्याहरण' म्हणा. रद्द हा शब्द अरबी. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, दिनांक, महापौर त्यांनीच रुळवले. तेव्हाही लोक हसले असतील.

गुहागरची सून: मास्तर, मग अर्ज आणि मसुदा काय वेदातले? दोन्ही अरबीच. आणि प्रत्याहरण ऐकलं की मला प्राणायामाचा क्लास आठवतो.

तांडेल: मला 'तपासणी'च खटकते. तपासणी कागदांची. १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी वर ओढायची, झापांनी शाकारायची, गावात जो तो विचारणार, 'होडी शाकारलंस काय रे?' त्याआधी आमचे बाबा एकेका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत जायचे, आवाज बद्द आला की फळी गेली समजायचं. ह्याला आम्ही 'ठोकून बघणं' म्हणतो.

रत्नांग्रीकर: भाऊ म्हणतो विमानातही काही भाग नाण्यानं ठोकून बघतात, थर सुटलाय का ते आवाजावरून कळतं, टॅप टेस्ट. आणि खारी हवा त्यांनाही सोडत नाही. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान उडत असतानाच त्याचं पुढचं छप्पर उडालं, एक हवाईसुंदरी गेली. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या, जवळजवळ ९०,००० उड्डाणं झालेली, जोडाच्या पत्र्यांत गंज. एका बाईंना चढतानाच दाराजवळ भेग दिसली होती, त्या बोलल्या नाहीत.

जुना मास्तर: भेग टाचेला पडते. पत्र्याला तडा.

तांडेल: तडा कपाला हो! पत्र्याला चीर.

गुहागरची सून: चीर लाकडाला ना?

रत्नांग्रीकर: मंडळी, मला सहाच्या आत मथळा द्यायचाय.

जुना मास्तर: देऊ. पण आधी चीर आणि चिरा, म्हणजे आपला जांभा, हे एकाच धातूतले का, ते बघू.