वृद्धाश्रमातल्या मावशींसाठी कमरेचा पट्टा कुठला घ्यावा?

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका छोट्या वृद्धाश्रमाचं रोजचं काम मी बघते. सध्या एकोणीस आजी-आजोबा आहेत, त्यातले सहा पूर्ण अंथरुणावर. दिवसा चार मावशी, रात्री दोन.

गेल्या मंगळवारी आमच्या सगळ्यात जुन्या मावशींना उसण भरली. एका आजोबांना कॉटवरून कमोडच्या खुर्चीत घेत होत्या. आजोबा एसटीतले निवृत्त कंडक्टर, वजन ७८ किलो, दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसने डावी बाजू गेलीये. मावशी भरल्या तर ४६ किलो. नेहमीसारखं समोरून काखेत हात घालून "हं, उठा" म्हणाल्या. आजोबांनी घाबरून गळ्याला मिठी मारली आणि मावशी अर्ध्यात तशाच वाकून राहिल्या, ना खाली ना वर. मी धावत जाऊन पायाने खुर्ची पुढे ढकलली म्हणून आजोबा तिच्या कडेवर तरी टेकले. आता मावशी घरी आहेत. पगार कापणार नाही म्हणून दोनदा सांगितलं, तरी रोज फोन करून विचारतात, उद्या येऊ का?

मेडिकलवाल्याकडे कमरेचे दोन पट्टे आहेत. एक साधा इलॅस्टिकचा, एक आत पट्ट्या घातलेला. सगळ्या मावशींना घेऊन द्यावेत असा विचार आहे. कुठला बरा?

आणि एक. याच आजोबांचा डावा खांदा दोन-तीन महिने ठणकतोय. रोज तेल लावतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

चालतं_बोलतं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, खांद्याचं आधी सांगतो. संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. पॅरालिसिसमध्ये खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायू लुळे पडतात आणि सगळ्या हाताचं वजन सांध्याला लोंबत राहतं. त्यात दिवसातून पाच-सहा वेळा काखेतून वर ओढलं की सांधा आणखी सैल होतो. आधी डॉक्टरांना दाखवा. तेल लावताना हात ओढू नका. बसलेले असताना हाताखाली उशी द्या. आणि काखेत हात घालणं आजपासून बंद.

आता पट्टा. घेऊ नका. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही सरकारी संस्था १९९४ सालीच सांगून बसली आहे की धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही. उलट पट्टा बांधला की माणूस जास्त वजनाला हात घालू शकतो. (मावशींना डॉक्टरांनी दिला असेल तर तो वापरू द्या, ती वेगळी गोष्ट.) त्याच संस्थेतल्या एका तज्ज्ञाने २००७ मध्ये रुग्ण उचलण्यासाठी हिशेब मांडला होता. सगळं अनुकूल असताना एका माणसाने साधारण १६ किलोच्या वर भार घेऊ नये. तुमचे आजोबा ७८. दिवसाच्या चारही मावशी लावल्या तरी एक कमीच पडते!

म्हणून उचलायचंच नाही. त्यांची उजवी बाजू शाबूत आहे, तिला कामाला लावा. पट्टा हवाच असेल तर तो आजोबांच्या कमरेला बांधा. रुंद, जाड कापडाचा, मुठीत धरता येईल असा. त्याने उचलायचं नसतं, तोल गेला तर सावरायचं असतं. पायजम्याच्या नाडीला धरून उभं करणारे मी पाहिलेत, ते करू नका. पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटात नळी असेल तर हा पट्टा नको.

खुर्ची आजोबांच्या उजव्या हाताला, कॉटला तिरकी लावा. कमोडच्या खुर्चीचे ब्रेक बहुतेक नावालाच असतात, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवा. आधी त्यांना कॉटच्या काठावर बसवून मिनिट-दोन मिनिटं थांबा, नाहीतर झोपेतून उठल्या उठल्या बीपी उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघ्यांच्या थोडे मागे. मग पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे. इथेच सगळे घाबरतात. पुढे पडू असं वाटून अंग मागे टाकतात, आणि मग ओढणाऱ्याच्या कंबरेचं काम तमाम. मावशींनी डाव्या बाजूला उभं राहून आपल्या गुडघ्याने त्यांचा लुळा गुडघा अडवून धरायचा. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला की ते स्वतः वळतात. गळ्यात हात घालू द्यायचा नाही.

कॉट फार खाली असेल तर पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, घसरतात. मात्र पाय जमिनीला टेकायला हवेत, तेवढंच उंच करा.

साताऱ्याची_सून

मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ एका केअर होममध्ये सहा वर्षं काम करते. इथे काखेत हात घालून उठवताना कुणी दिसलं तर मॅनेजर थेट बोलावते. हाताने वजन उचलण्याबाबत इथे १९९२ सालचा कायदा आहे, आणि माणसं उचलायचं यंत्र, म्हणजे होइस्ट, दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं. प्रत्येक आजीच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं: किती माणसं, कुठली झोळी, कुठल्या मापाची. मोठी झोळी घातली तर माणूस मधून निसटू शकतो.

ट्रेनिंगच्या दिवशी त्यांनी मलाच झोळीत घालून वर उचललं. पाय अधांतरी, झोळी मांड्यांना काचतेय, आणि बाई माझ्याशी न बोलता दुसरीशी सुट्टीबद्दल बोलत होती. मुद्दाम. त्यानंतर मी एकाही आजीला न सांगता हात लावलेला नाही. आणखी एक नवल वाटलं. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचेच, पण उचलताना होइस्टचे सहसा मोकळे ठेवायचे, कारण त्याला स्वतःहून तोलाच्या जागी सरकता आलं पाहिजे.

तुमच्या अंथरुणावरच्या सहा जणांसाठी सरकवायची चादर वापरा. ती गुळगुळीत नायलॉनची नळीसारखी असते. कुशीवर वळवून खाली घालायची, मग दोघींनी दोन बाजूंनी धरून वर सरकवायचं. चादर चादरीवर घसरते, कातडं घासत नाही, त्यामुळे बेडसोरही कमी. काम झालं की लगेच काढा, नाहीतर आजी त्यावरून थेट खाली!

पावशेर

हे सगळं वाचायला छान आहे. दोन मावशी रात्री, सहा पेशंट अंथरुणावर. कुठून आणायची दोन दोन माणसं प्रत्येक वेळी? इथे जाहिरात देऊन महिना झाला तरी एक बाई टिकत नाही.

चालतं_बोलतं

@पावशेर, का टिकत नाही हे वर अबोलीताईंनी लिहिलंय की. दोघी मिळून सहा जणांची कूस एका फेरीत बदलतात, एकेकटीने तीन तीन करण्यापेक्षा फार वेळ जात नाही.

गोदाकाठ

मी १४ वर्षं मावशीचं काम केलं. लेकाच्या फोनवरून लिहितेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. हातात काचेच्या बांगड्या घालू नका. म्हाताऱ्या माणसाचं कातडं कांद्याच्या सालीसारखं असतं, एका ओरखड्यात सुटतं. पदर खोचा. मंगळसूत्र आत टाका, घाबरलेला माणूस आधी तेच धरतो. बाथरूमपाशी ओली हवाई चप्पल तर नकोच.

आणि पडलंच कुणी तर लगेच उचलायला धावू नका. आधी बघा. एक पाय आखूड आणि बाहेर फिरलेला दिसला तर खुबा गेला समजा. हलवू नका, अंगावर पांघरूण घाला, ॲम्ब्युलन्स बोलवा, जवळ बसा. मी एकदा घाईने उचललं होतं. त्या आजी कशा ओरडल्या ते अजून कानात आहे.

अबोली (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. पट्टे घेतले नाहीत. आमच्या शिंप्याकडून छत्रीच्या कापडाच्या दोन नळ्या शिवून घेतल्या. पहिली शिवण आत आली होती, ती उसवून बाहेर घ्यायला लावली. आधी मीच कॉटवर झोपून दोघींना सरकवायला लावलं, सर्रकन गेले. काम झालं की नळी काढून खिडकीच्या खिळ्याला लावायची, म्हणजे राहिली का ते दारातून दिसतं. बांगड्यांवरून कुरकुर झाली, दोघींनी अजून काढलेल्या नाहीत.

आजोबांच्या खांद्यावर डॉक्टरांनी तेच सांगितलं, सांधा सैल झालाय. मावशी सोमवारपासून आल्या, सध्या फक्त जेवण भरवणं आणि कपड्यांच्या घड्या.

आजोबांना उठवताना म्हणायच्या "एक, दोन, तीन"चा मात्र गोंधळ झाला. दुसऱ्या मावशी तीनला जोर लावायच्या, आजोबा तीन म्हणून झाल्यावर. दोन दिवस नुसतीच ओढाताण. शेवटी आजोबाच वैतागून म्हणाले, आकडे नकोत, मी सांगतो. आता खुर्ची लागली, पाय टेकले, पुढे वाकून झालं की ते उजव्या हाताने कॉटच्या लोखंडी दांड्यावर अंगठीने डबल बेल मारतात. टण टण. मग गाडी निघते.