रस्ता तळ्याला भिडतो, तिथला डॉक कुणाचा?

नोव्हीकर
मिशिगनमध्ये ११ हजारांवर तळी. जुन्या प्लॉटिंगच्या नकाशांत बरेच रस्ते थेट पाण्यापर्यंत नेऊन सोडलेत आणि ते सार्वजनिक वापरासाठी दिल्याची नोंद आहे. काठाला लागून घर असलेल्यांना स्वतःचा किनारा असतो, मागच्या ओळीतल्यांना नसतो. म्हणून ही मंडळी रस्त्याच्या टोकाला उन्हाळाभर डॉक, म्हणजे पाण्यात जाणारा फळ्यांचा धक्का, टाकायची, होइस्टवर (बोट पाण्याबाहेर उचलून धरणारा सांगाडा) बोटी चढवून ठेवायची. २०१२ च्या ५६ क्रमांकाच्या कायद्याने ते बंद केलं. नोंदणीकृत दस्तात वेगळं काही स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टोकाला होइस्ट नाही, मध्यरात्र ते सूर्योदय बोट बांधायची नाही, आणि डॉक एकच, हंगामी, सार्वजनिक, तोही स्थानिक प्रशासनाच्या मंजुरीने. मोडलात तर ५०० डॉलरपर्यंत दंड, दर २४ तासांना गुन्हा वेगळा.

आता उत्तरेकडच्या एका टाउनशिपच्या (तिथली ग्रामपंचायतच म्हणा) बोर्डापुढे मागच्या ओळीची मागणी आलीय: डॉक टाकू द्या, खर्च आमचा. सभेला मीही जाऊन बसलो. माझं मत, देऊ नये. पैसे ज्याने घातले तो चार दिवसांत मालकासारखा वागायला लागतो. कायद्याला इतकी वर्षं झाली, तरी गेल्या जुलैत मुलीला घेऊन त्या टोकाला गेलो तर डॉकच्या खांबाला पाटी ठोकलेली: ‘खासगी. चढू नये.’ सार्वजनिक रस्त्यावर!

मागची_ओळ
नोव्हीकर, तुम्ही शनिवारी येणार, रविवारी जाणार. आमचं कॉटेज दुसऱ्या ओळीत आहे आणि विकणाऱ्याने डॉकवरची जागा दाखवूनच विकलं होतं.

या प्रकरणांत कोर्टात कोण गेलं तेही सांगा की. मिशिगनमधल्याच हिगिन्स लेकचे खटले बघा, १९९३ चा लायन टाउनशिपचा, २००३ चा गेरिश टाउनशिपचा. तक्रार काठावरच्या घरमालकांची. कोर्ट म्हणालं, पाण्यात उतरायला रस्ता वापरा, त्यासाठी सर्वांचा एक डॉकही चालेल; पण रात्रभर बोट ठेवणं, सहल, ऊन खात पडणं नाही. म्हणजे तुमच्या मुलीने तिथे टॉवेल पसरला तर तेही बसत नाही बरं का. काठावरच्यांच्या डॉकला मात्र धक्का नाही. आमच्या बोटी हलल्या आणि त्यांच्या दिवाणखान्यातून तळं मोकळं दिसायला लागलं. याला लोकहित म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

नोव्हीकर
ठाऊक आहे, आणि टॉवेलपुरता तो निकाल कद्रूच आहे. पण विकणाऱ्याने जागा दाखवली म्हणता, ती त्याची होती का? उद्या कुणी फ्लॅटसोबत समोरचा फुटपाथ विकेल.

अण्णा_मावळ
जरा आमच्या पवनेकडे या. धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, काठ सरकारी झाला, आणि शनिवारी संध्याकाळी त्याच काठावर तंबूंची रांग लागते. पाण्यापर्यंत जायचं तर पोरगा आडवा येतो, “बुकिंग आहे का?” पण तंबूवाल्यांत जमीन गेलेल्यांचीच मुलंही आहेत, त्यांना हुसकावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मिशिगनच्या मागच्या ओळीची कुठली जमीन गेली होती? त्यांनी प्लॉट घेतला तोच काठ नसलेला, आणि त्याच भावाने.

कलमबहाद्दर
धागा रंगलाय म्हणून दोन ओळी. इलिनॉय विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागोजवळचा मिशिगन सरोवराचा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला, १८७३ मध्ये परत घेतला. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परत घेणं उचलून धरलं: राज्य अशा पाण्याचं विश्वस्त आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियासकाठच्या मोटेलच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथमध्ये, याच खटल्याचा आधार घेतला.

पण नोव्हीकरांनी लगेच हुरळून जाऊ नये. मिशिगनच्या आतल्या तळ्यांचा तळ सहसा काठावरच्या मालकाचा असतो, राज्याचा नाही. मोठ्या सरोवरांची गोष्ट वेगळी. इथलं भांडण फक्त त्या रस्त्याच्या टोकाचं, तो ज्या कामासाठी दिला त्यापुरतंच.

मागची_ओळ
अण्णा, त्याच भावाने कुठे? डॉकची किंमत त्या भावात धरलेली होती.

होइस्ट नाही, रात्री बांधायचं नाही, म्हणजे रोज ट्रेलर. एका तळ्यातली बोट दुसऱ्यात गेली की मिलफॉइलचं गवत आणि झेब्रा शिंपले, तळं व्यापून टाकणारी ही पीडा, तिच्यासोबत जातात. उन्हाळाभर एकाच तळ्यात उभी असलेली बोट परवडली. कायद्यात एका सार्वजनिक डॉकची सोय आहे ना? मग बोर्ड दर वर्षी विमा कुणाचा, कुणी पडलं तर काय, म्हणून विषय पुढे का ढकलतं?

गाळपेर
यात तिढा कसला? पैसे टाउनशिपकडे वर्गणी म्हणून द्या, परवाना आणि विमा टाउनशिपच्या नावाने काढा. डॉकवर पाटी नाही, राखीव जागा नाही. मागची ओळ सकाळी बोट लावेल, नोव्हीकरांची मुलगी शेजारून पाण्यात उडी मारेल.

नोव्हीकर
असं असेल तर माझी हरकत नाही. फक्त वर्गणीदारांची यादी डॉकवर लावू नका.

मागची_ओळ
वा! म्हणजे वर्गणी आम्ही द्यायची, ऑक्टोबरात बर्फ धरायच्या आधी वेडर (छातीपर्यंतची जलरोधक विजार) चढवून गार पाण्यात उतरून डॉकचे पाय आम्ही उपसायचे, आणि रात्री बारा वाजता बोट मात्र सोडून न्यायची. मग टाउनशिपनेच टाकावा की, आमच्या करातून. मी पुढच्या सभेत हेच मागणार आहे, वर्गणीचं नाव काढणार नाही.